दुखणं अंगावर काढण्याआधी

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे थोडा कौतुकाचा आणि थोडा काळजीचा विषय असतो. शेतात, स्वयंपाकघरात, कारखान्यात मोठी माणसं तसं करत आली आहेत आणि बहुतेक वेळा निभावूनही नेत आली आहेत. मोठ्या माणसाचं हाड घडून झालेलं असतं, त्यामुळे सोसण्याची किंमत त्याला वेदनेत आणि कामाच्या खाड्यात मोजावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. ज्या अंगावर दुखणं काढायचं, ते अंगच अजून पुरं झालेलं नसतं. जिमनॅस्टिक्स हा खेळ नेमक्या याच वयात सर्वाधिक सराव मागतो. म्हणून बाल-जिमनॅस्टच्या अतिवापराच्या दुखापतीचा प्रश्न मोचेच्या किंवा पडून लागण्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे. पडून हात मोडला की सगळे धावतात, प्लास्टर होतं, सहा आठवडे कोणी वाद घालत नाही. रोज थोडंथोडं दुखणाऱ्या मनगटाबद्दल मात्र नक्की काही सांगता येत नाही. नक्की झालं की बघू, असं म्हणत आठवडे जातात. या आठवड्यांत काय करायचं, हाच खरा प्रश्न आहे. उपलब्ध पुरावा पाहिला तर त्याचं उत्तर एका बाजूला बऱ्यापैकी झुकतं: काही ठरावीक जागी दुखत असेल, तर खात्रीची वाट न पाहता शंकेवरच थांबावं.

मनगटापासून सुरुवात करणं सोयीचं आहे, कारण या खेळात हाताचा पाय होतो. हँडस्टँड, राउंड ऑफ, बॅक हँडस्प्रिंग, वॉल्ट, बीमवरचा वॉकओव्हर, मुलांचा पॉमेल हॉर्स, या सगळ्यांत शरीराचा भार तळव्यावरून वर चढतो, आणि काही आघातांत तो शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. मनगटापाशी दोन हाडं येतात, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. भाराचा सुमारे ८० टक्के हिस्सा रेडियस उचलतं. लहान मुलांत अल्ना बहुधा थोडं आखूड असतं, त्यामुळे रेडियसवरचा बोजा आणखी वाढतो. याच रेडियसच्या खालच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. त्या हाडाची तीनचतुर्थांशाहून जास्त लांबी तिच्यातून तयार होते. ही कूर्चा आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि स्नायुबंधांपेक्षा कमजोर असते आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात आणखी नाजूक होते. तिच्यावर वारंवार दाब आला की हाडाच्या बाजूने येणारा रक्तपुरवठा अडतो, कूर्चेच्या पेशींचं हाडात रूपांतर होणं थांबतं आणि चकती जाड होत जाते. एक्स-रेमध्ये दिसते ती हीच रुंदावलेली, कडा फाटल्यासारखी रेघ. फार काळ दुर्लक्ष झालं तर चकती वेळेआधी बंद होऊ शकते. मग रेडियस आखूड राहतं, अल्ना वाढतच जातं आणि पुढे करंगळीच्या बाजूला हाडं एकमेकांवर आपटून कूर्चा फाटण्याचा त्रास उरतो. हे टोकाचं आहे आणि बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण चूक झाली तर ती कुठपर्यंत जाऊ शकते, हे माहीत असायला हवं.

आता मूळ पुराव्याकडे. १९८५ साली रॉय, केन आणि सिंगर यांनी २१ बाल-जिमनॅस्टच्या मनगटांचा अहवाल प्रसिद्ध केला. सगळ्यांचं दुखणं एकाच जागी होतं, रेडियसच्या ग्रोथ प्लेटवर. काहींच्या एक्स-रेत बदल दिसत होते, काहींचे एक्स-रे स्वच्छ होते. ज्यांच्या एक्स-रेत बदल होते त्यांना बरं व्हायला किमान तीन महिने लागले आणि ज्यांच्या एक्स-रेत काही नव्हतं ती सरासरी चार आठवड्यांत सावरली. या विषयावरचा बराचसा पुढचा विचार या दोन आकड्यांवर उभा आहे. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून घरी आणि हॉलमध्ये सुटकेचा निःश्वास टाकला जातो, पण त्या २१ मुलांतली नॉर्मल एक्स-रे असलेली मुलंही दुखावलेली होती. फरक इतकाच की त्यांची दुखापत चार आठवड्यांची होती. म्हणजे एक्स-रेत दिसण्याची वाट पाहायची याचा व्यवहारी अर्थ, चार आठवड्यांच्या आजाराचा तीन महिन्यांचा आजार होईपर्यंत थांबायचं.

चौकस वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावं. २१ मुलं म्हणजे फार नव्हेत. शिवाय हा प्रयोग नव्हता. कोणाला लवकर थांबवायचं आणि कोणाला उशिरा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्यांचे एक्स-रे स्वच्छ होते त्यांची दुखापत मुळातच सौम्य असेल आणि ती कितीही काळ खेळली असती तरी पुढच्या पायरीला गेली नसती, असंही असू शकतं. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला निर्णायक उत्तर देणारा प्रयोग करणंही अवघड आहे, कारण दुखणाऱ्या मुलांच्या एका गटाला मुद्दाम हँडस्टँड करत ठेवायला कोणती नीतिसमिती परवानगी देईल? पण आक्षेप मान्य करूनही निर्णय बदलत नाही. दुखापत कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे: दाब, रक्तपुरवठ्यात अडथळा, थांबलेलं हाडीकरण. या साखळीचं मूळ असलेला दाब काढल्यावर सुधारणा होते, हेही दिसलेलं आहे. एक उदाहरण नुसत्या हिशेबापुरतं घेऊ. समजा मनगट दुखणाऱ्या चार मुलींपैकी तिघींना काहीच गंभीर नाही आणि चौथीची ग्रोथ प्लेट दुखावली आहे. शंकेवर चौघींना थांबवलं तर तिघी आठवडाभरात दुखणं विसरून परततील आणि चौथी महिनाभर बसेल. एकूण नुकसान सात आठवड्यांचं. खात्रीची वाट पाहिली तर तिघींचं काही बिघडणार नाही, पण चौथी एकटी बारा आठवडे बाहेर जाईल. आकडे बदलून पाहता येतील, आणि खोट्या शंकांचं प्रमाण पुरेसं वाढवलं तर हिशेब उलटेलही. मात्र आठवड्यांच्या हिशेबात हाडाच्या लांबीची किंमत धरलेली नाही, आणि ती तिघींच्या बाजूला कधीच जमा होत नाही.

यावर प्रशिक्षकांकडून येणारा आक्षेप पुस्तकी नसतो, म्हणून तो जास्त वजनदार आहे. जिमनॅस्टिक्समध्ये रोज काहीतरी दुखतंच; प्रत्येक दुखण्याला थांबवायचं तर हॉलला कुलूप लावावं लागेल. हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तळवे सोलवटतात, मांड्या भरून येतात, नडग्यांवर बीमच्या खुणा असतात. सगळ्या दुखण्यांना एकच नियम लावला की तो कोणीच पाळत नाही. म्हणून किती दुखतं यापेक्षा कुठे दुखतं हे आधी विचारायला हवं. टाच दुखणं आणि गुडघ्याखालचा उंचवटा दुखणं ही या वयातली दोन नेहमीची दुखणी. तिथेही वाढती कूर्चाच दुखावते, पण ती स्नायू जोडले जातात तिथली, ओढली जाणारी कूर्चा. हाडाची लांबी तिच्यावर अवलंबून नसते. ही दुखणी त्रासदायक असतात, उड्या कमी कराव्या लागतात, टाचेखाली मऊ गादी घालावी लागते, पण वाढ पुरी झाली की बहुधा आपोआप संपतात. मूल लंगडत नसेल तर वेदनेच्या बेताने सराव चालू ठेवायला हरकत नसते. मनगटातली ग्रोथ प्लेट, कोपराच्या बाहेरच्या बाजूचा सांध्याचा पृष्ठभाग आणि कमरेचा शेवटचा मणका या तीन जागांना मात्र ही सवलत नाही. कोपरात हाडाचा छोटा तुकडा कूर्चेसकट सैल होऊ शकतो. कोपर पूर्ण सरळ होईनासं झालं किंवा मध्येच अडकायला लागलं तर ते अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही, त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं.

कमरेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे पाठदुखी म्हटलं की तेल लावून शेकायचं, चोळायचं आणि ‘उसण भरलीय’ म्हणून सोडून द्यायचं अशी रीत आहे. पाठ मागे वाकवून केलेल्या प्रत्येक कौशल्यात, म्हणजे वॉकओव्हर, ब्रिज, पाय डोक्याला लावण्याच्या रिदमिक मुद्रा यांत, शेवटच्या मणक्याच्या मागच्या कमानीतल्या एका बारीक पुलावर दाब येतो. त्या पुलाला ताणाची चीर पडते, तिला स्पाँडिलोलिसिस म्हणतात. १९७६ साली जॅक्सन, विल्त्सी आणि सिरिंचोन यांनी १०० महिला जिमनॅस्ट तपासल्या, त्यांतल्या ११ जणींच्या मणक्यात अशी चीर सापडली. सर्वसामान्य स्त्रियांतल्या अपेक्षित प्रमाणाच्या हे चौपटीहून जास्त होतं. १९९५ मध्ये मिशेली आणि वुड यांनी पाठदुखी घेऊन आलेल्या किशोरवयीन खेळाडूंची प्रौढांशी तुलना केली. किशोरांत ४७ टक्के जणांना स्पाँडिलोलिसिस होता, प्रौढांत ५ टक्क्यांना. क्रीडा-क्लिनिकमध्ये पोहोचलेली मुलं आधीच गाळून आलेली असतात, त्यामुळे पाठ दुखणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलीला चीर आहे असा अर्थ काढू नये. पण मोठ्यांची पाठदुखी बहुतेक वेळा स्नायूंची असते हा अनुभव मुलांना लावू नये, एवढा अर्थ निश्चित निघतो. मागे वाकल्यावर एकाच बाजूला, कमरेच्या तळाशी दुखतं आणि पुढे वाकल्यावर दुखत नाही, असं दोन-तीन आठवडे टिकलं तर तपासणी हवी. ताजी चीर वेळेवर पकडली तर तीनेक महिन्यांच्या विश्रांतीत ती सांधण्याची शक्यता बरी असते. जुनी झाली की सहसा सांधत नाही. जुनी चीर घेऊनही माणसं खेळतात, हे खरं. पण सांधता येण्याची संधी एकदाच येते.

उलट बाजूने येणारा आक्षेप जास्त आधुनिक आहे: हे सगळं शोधत गेलं तर सगळीकडे काहीतरी सापडेलच. डिफिओरी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५९ बाल-जिमनॅस्टचा अभ्यास केला. त्यांतल्या ५६ टक्क्यांनी मनगट दुखत असल्याचं सांगितलं आणि जवळपास निम्म्यांच्या एक्स-रेत कमी-जास्त बदल आढळले. इतक्या जणांना बदल असतील आणि त्यांतली बरीच मुलं पुढेही खेळत राहत असतील, तर बदल म्हणजे आजार की शरीराने सरावाशी जुळवून घेतल्याची खूण? या प्रश्नाचं मला दिसणारं उत्तर असं की चित्रावर उपचार करू नये, मुलावर करावा. दुखत नसलेल्या मनगटाचे एक्स-रे काढत बसण्यात अर्थ नाही, आणि दुखणाऱ्या मनगटाचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून त्याला सोडण्यातही नाही. त्याच अभ्यासात बदल आणि वेदना यांचा संबंध दिसला होता, हे विसरून चालणार नाही. एक्स-रे काढायचाच तर दोन्ही मनगटांचा काढावा, मात्र दुसरं मनगट निरोगीच असेल असं गृहीत धरू नये, कारण हा आजार अनेकदा दोन्हीकडे असतो. एमआरआयची गोष्ट वेगळी. तो लवकर सांगतो, पण महाग आहे. अहवाल कसाही आला तरी पुढचे चार आठवडे हातावर भार द्यायचा नाही हेच ठरणार असेल, तर आधी ते चार आठवडे जाऊ द्यावेत आणि नंतरही दुखलं तर पैसे खर्च करावेत. मणक्याच्या बाबतीत मात्र एमआरआयचं पारडं जड आहे, कारण चीर ताजी की जुनी यावर तीन महिन्यांचा निर्णय टांगलेला असतो.

‘थांबा’ या शब्दाचाच घोळ आहे. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे जिमनॅस्टिक्स बंद. प्रशिक्षकाला ऐकू येतं की मुलगी गेली. मुलीला ऐकू येतं की सगळ्या मैत्रिणी पुढे जाणार. मग पंधरा दिवसांनी क्रेप बँडेज बांधून, वर स्प्रे मारून ती परत येते आणि डॉक्टरांकडे जाणं तेवढं बंद होतं. असा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नसला तरी पाळला जात नाही, म्हणून निरुपयोगी ठरतो. थांबवायचा आहे तो एका चकतीवरचा दाब, अख्ख्या मुलीला थांबवायची गरज नाही. मनगटाला विश्रांती देताना पायांची ताकद, पोटाचे व्यायाम, लवचिकता, बीमवरच्या उड्या आणि वळणं, नृत्याचे भाग, हात न टेकता करायच्या उड्या हे सगळं चालू ठेवता येतं. बारवर लटकताना मनगट दाबलं जात नाही, ताणलं जातं. दुखत नसेल तर डॉक्टरांना विचारून तेही करता येतं. पाठीच्या बाबतीत उलट, हात मोकळे असतात आणि मागे वाकणं बंद असतं. हॉलमध्ये रोज हजर राहून वेगळं काम करणारी मुलगी दुखणं लपवण्याची शक्यता घरी बसवलेल्या मुलीपेक्षा कमी, हा या पद्धतीचा न मोजलेला फायदा आहे. वेदनाशामक गोळ्यांचा मात्र इथे काही उपयोग नाही. आपल्याकडे त्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात, पण किती भार सोसवतो हे सांगणारी एकमेव सूचना त्या बंद करतात. मनगट मागे वाकू न देणारे पट्टे अनेक जण वापरतात. ते मदत करत असतील, पण त्यांनी दुखापत टळते याचा भक्कम पुरावा नाही. त्यामुळे ते घालून सराव तसाच चालू ठेवणं म्हणजे गळणाऱ्या नळाखाली मोठी बादली ठेवणं.

मग ठरवायचं कोणी? हा प्रश्न वैद्यकीय वाटतो, पण तो सत्तेचा आहे. मुलाला विचारलं ‘दुखतंय का?’ तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. खोटं बोलायची इच्छा नसते. निवड जवळ असते, सर रागावतील असं वाटत असतं, आणि सोसणारीचं कौतुक झालेलं तिने पाहिलेलं असतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रगने दुखावलेल्या घोट्यावर दुसरा वॉल्ट मारला आणि त्या चित्राने एका पिढीची धाडसाची कल्पना घडवली. ती १८ वर्षांची होती आणि तिची दुखापत अचानक झालेली होती, तरी धडा दहा वर्षांच्या मुलींनीही घेतला. २०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्सने माघार घेतली तेव्हा तिच्यावर टीका करणारे बरेच होते, पण माघार घेता येते हेही तिथेच दिसलं. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाइट अहवालाने, चारशेहून अधिक निवेदनं तपासून, दुखापत असताना मुलांना सराव करायला लावणं हा व्यवस्थेतला दोष असल्याचं नोंदवलं. यातून प्रशिक्षक म्हणजे खलनायक असा निष्कर्ष निघत नाही. मुलाचं शरीर रोज पाहणारा माणूस तोच असतो. उजवा हात टेकताना बोटं आत वळतात, राउंड ऑफ उथळ होतोय, हे पालकांच्या आणि डॉक्टरांच्या आधी त्याला दिसतं. पण ज्याचं यश त्याच मुलाच्या पदकावर मोजलं जातं त्याच्या एकट्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार असू नये. शोधण्याचं काम प्रशिक्षकाचं, थांबवण्याचा अधिकार पालक आणि प्रशिक्षक या दोघांपैकी कोणालाही, आणि परत सुरू करण्याचा मात्र दोघांनी डॉक्टर किंवा फिजिओच्या सल्ल्याने मिळून, अशी वाटणी केली तर भांडणं कमी होतील. डॉक्टरवरचा विश्वासही आंधळा नको. अमेरिकेच्या संघाच्या डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं आणि २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली, हा या खेळाचाच इतिहास आहे. तपासणीच्या खोलीत पालक हवेत, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

सगळ्यांत भावनिक आक्षेप वयाचा असतो. या खेळात वय निघून जातं, तीन महिने म्हणजे सगळं संपलं. नादिया कोमानेची १९७६ मध्ये माँट्रियलला १४ वर्षांची होती, आणि तेव्हापासून जिमनॅस्ट म्हणजे लहानखुरी मुलगी हे समीकरण डोक्यात बसलंय. पण १९९७ पासून वरिष्ठ महिला स्पर्धांसाठी किमान वय १६ आहे. ओक्साना चुसोवितिना टोकियोत ४६ व्या वर्षी वॉल्ट करत होती. बाइल्सने पॅरिसला सर्वंकष सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २७ वर्षांची होती. आगरताळ्याच्या दीपा कर्माकरने रिओत चौथा क्रमांक मिळवला तो २३ व्या वर्षी, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून आणि बंदीतून गेल्यावर २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण मिळवलं ते ३० व्या. ही सगळी असामान्य माणसं आहेत, त्यांच्यावरून नियम करता येत नाही. पण अकराव्या वर्षीचे तीन महिने निर्णायक असतात हा तरी नियम कुठून आला? आपल्याकडे तो बऱ्याच अंशी स्पर्धांच्या रचनेतून येतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, आणि दहावी-बारावीच्या निकालात मिळणारे क्रीडा गुण राज्य-राष्ट्रीय पातळीच्या कामगिरीशी बांधलेले असतात. १४ वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष जोर लावायचं, असं घराघरांत ठरतं. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलग्यांची चौदाव्या. जिमनॅस्ट मुलींत हे सहसा आणखी उशिरा येतं. म्हणजे कॅलेंडर सर्वाधिक भार टाकायला सांगतं, नेमकी तेव्हाच ग्रोथ प्लेट सर्वांत कमजोर असते. हा योगायोग आपणच तयार केलाय, त्यामुळे तो मोडताही येतो.

यावर साधा उपाय म्हणजे तीन महिन्यांतून एकदा भिंतीशी उभं करून उंची मोजायची. वाढ अचानक वेगाने होऊ लागली तर त्या काळात नवी अवघड कौशल्यं आणि कडक पृष्ठभागावरच्या आवृत्त्या कमी करायच्या. उंचीचा विषय निघाला की घरची मंडळी वेगळीच भीती व्यक्त करतात, की या खेळाने पोरीची उंची खुंटेल. २०१३ मध्ये मलिना आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं, आणि कडक सरावामुळे प्रौढ उंची कमी होते असं त्यातून निघालं नाही. जिमनॅस्ट बुटक्या दिसतात कारण बुटक्या मुली या खेळात निवडल्या जातात आणि टिकतात. एका नसलेल्या भीतीने आईवडील झोप उडवून घेतात आणि मनगटातल्या काही मिलिमीटरांकडे कोणाचं लक्ष नसतं, हे थोडं विचित्रच आहे.

तासांबद्दल एक मोजपट्टी सांगितली जाते: आठवड्यातले संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत. २०१५ च्या जयंती आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या मर्यादेपलीकडे गेलेल्या मुलांत गंभीर अतिवापराच्या दुखापती जास्त आढळल्या. तो अभ्यास अनेक खेळांचा होता, संबंध दाखवणारा होता, कारण सिद्ध करणारा नव्हता. बारा वर्षांच्या राष्ट्रीय पातळीच्या जिमनॅस्टला बारा तासांत बसवा म्हटलं तर प्रशिक्षक हसतील, आणि त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नसेल. या खेळात तासांपेक्षा हात टेकण्याची संख्या मोजणं उपयोगी. तीन तासांच्या सरावात दोनशे वेळा हात आपटला की पन्नास वेळा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती संख्या वहीत लिहिणं फुकट आहे. आठवड्यातून निदान एक पूर्ण सुट्टीचा दिवस हवा, यावर मात्र बालरोगतज्ज्ञांचं फारसं दुमत नाही. खाण्याचंही तसंच. सरावात खर्च होणाऱ्या शक्तीपेक्षा खाणं कमी पडत राहिलं तर थकवा येतो, पाळी लांबते आणि हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती गांभीर्याने घ्यायला लावली. आपल्याकडे ‘सडपातळ राहू दे’ म्हणून भात-पोळी काढून घेतली जाते आणि पंधरा वर्षं पुरी झाली तरी पाळी आली नाही तर ‘खेळाडू आहे, होतं असं’ म्हटलं जातं. वारंवार हाडाचं दुखणं घेऊन येणाऱ्या मुलीच्या ताटाची आणि पाळीची चौकशी न करता तिच्या मनगटाला पट्टा बांधणं हे अर्धवट काम आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे जिमनॅस्टिक्सच्या शेजारी मल्लखांब आहे, आणि पुष्कळ मुलं दोन्ही करतात, वर शाळेत योगासनांच्या स्पर्धाही. मल्लखांबात पकड आणि ओढ जास्त, जमिनीवर हात आपटणं कमी. म्हणून एका प्रशिक्षकाला वाटतं आपल्याकडचा सराव मनगटाला हलका आहे, दुसऱ्याला वाटतं आपण दोनच तास घेतो, आणि योगवर्गात मागे वाकण्याच्या आसनांची गणती कोणीच करत नाही. तीन सरांच्या तीन वह्या असतात आणि मणका एकच. इथे भाराची बेरीज करणारा माणूस घरातच असावा लागतो. क्रीडावैद्यकाचे डॉक्टर मोठ्या शहरांबाहेर क्वचितच भेटतात; तालुक्याच्या गावातून संकुलापर्यंत येणाऱ्या मुलीला चार आठवडे थांबायला सांगणारा माणूस बहुधा प्रशिक्षकच असणार. त्याच्यासाठी परतीचा रस्ता तरी स्पष्ट हवा. ग्रोथ प्लेटवर अंगठ्याने दाबलं तर दुखू नये, मनगट दोन्ही बाजूंना सारखं मागे वळावं, मग भिंतीला हात टेकून रेलणं, मग गुडघे टेकून पुशअप, मग पूर्ण पुशअप, मग मऊ मॅटवर थोड्या सेकंदांचा हँडस्टँड, आणि शेवटी टम्बलिंग आणि वॉल्ट. एका पायरीवर दोन-तीन सराव दुखल्याशिवाय गेले तर पुढची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी खाली. आणि दुखतंय का असं न विचारता, ‘आज कुठल्या उडीला हात टेकवावासा वाटला नाही?’ असं विचारायचं. या प्रश्नाला मुली खरं उत्तर देण्याची शक्यता जास्त.